काकांच्या नावावरचा खोकला

४ जानेवारी

चि. फुंकणी,

आशीर्वाद. तुझ्या हुद्द्याचं खरं नाव माझ्या तोंडात बसत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आमची भाची लोकांना नळीत फुंकायला लावते आणि त्याचा पगार घेते. मी सदतीस वर्षं शाळेत मुलांना गप्प बसवण्याचा पगार घेतला, त्यामुळे तुला हसायचा मला अधिकार नाही. तरी हसते.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस. ऐकतेस की भाजी निवडतेस, काही कळत नाही.

कारण तुझे काका. त्यांना दोन हिवाळ्यांपासून खोकला आहे. सकाळी उठलं की अर्धा तास तोच कार्यक्रम. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. मग तिथल्या दारावरची पाटी वाचत असल्याचं नाटक करायचं. ती पाटी आता तोंडपाठ झाली आहे. परवा पलंगाची चादर बदलताना इतका दम लागला की अर्धी चादर तशीच ठेवून बसावं लागलं. आमचे डॉक्टर गॅसची गोळी देतात, वर म्हणतात, वय झालं.

वय कसलं? चाळीस वर्षं सिगारेट ओढली त्याचं हे फळ. अजूनही दिवसातून तीनदा "जरा खाली जाऊन येतो" चालू आहे. वर आले की तोच वास. माझ्या नाकाला आजवर कुणी फसवलेलं नाही. एकोणीस वर्षं मी धूम्रपानमुक्ती समितीची अध्यक्ष, आणि माझ्याच घरात ही चिमणी! लोक म्हणतात दिव्याखाली अंधार. आमच्याकडे दिव्याखाली धूर.

तर एक काम कर. काळ्याठिक्कर फुप्फुसाचा एखादा भयंकर फोटो पाठव, ह्यांच्या आरशावर चिकटवते. आणि जाता जाता, अशा खोकल्यावर काय घ्यावं तेही लिही.

तुझी मावशी

१३ जानेवारी

ती. मावशी,

पत्र पोचलं. काका पलंगाची चादर बदलतात, हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

फोटो पाठवत नाही. आमच्याकडे फोटो बघून कुणी घाबरत नाही, फोटो बघून लोक बाहेर जाऊन एक ओढून येतात.

माझ्या कामाला हसतेस, तर ते काय आहे ते ऐक. तळघरात माझी खोली आहे. खिडकी नाही. एक यंत्र, एक नळी, नाकाला लावायचे चिमटे. माणूस समोर बसला की मी त्याच्या नाकाला चिमटा लावते, छाती भरून श्वास घ्यायला लावते आणि मग ओरडते, "फुंका! जोरात! अजून! सोडू नका! अजून!" धडधाकट माणूस छातीतून काढता येईल त्यातली पाऊण हवा पहिल्याच सेकंदात बाहेर फेकतो. ज्याच्या श्वासनळ्या आखडल्या आहेत त्याची हवा कोंडल्यासारखी हळूहळू येते. बाकी सगळं शास्त्र या एका सेकंदानंतर सुरू होतं. वरच्या मजल्यावर आमचे मोठे साहेब बसतात, ते याच आजाराचे संशोधक. त्यांचा सध्याचा विषय आहे, न ओळखले गेलेले रुग्ण. त्यावर बोलायला ते विमानाने परिषदांना जातात. त्यांच्या दाराबाहेर फरशी पुसणारी बाई तीन वर्षं खोकते आहे, ती मात्र त्यांच्या अजून ओळखीची झालेली नाही.

पत्रातून औषध सांगता येत नाही. काकांना इथे पाठव. त्याआधी त्यांचं वय, उंची आणि वजन कळव. उंची नीट मोज. ती चुकली तर सगळं गणित चुकतं आणि माणसाला भलतीच औषधं मिळतात. लहानपणी न्यूमोनिया झाला होता का? घरी चूल होती का? हेही लिही. चुलीचं का विचारते, तर माझ्याकडे येणाऱ्या दहा रुग्णांतल्या दोघा-तिघांनी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नसतो.

फुंकणी

२५ जानेवारी

चि. फुंकणी,

आधी तुझ्या साहेबांना एक प्रश्न विचार. तंबाखूवाल्यांनी त्यांना विमानाचं तिकीट काढून दिलं का? सिगारेट न ओढता सिगारेटीचा आजार होतो म्हणे! उद्या सांगाल, पुस्तक न उघडता मुलगा पहिला आला. आमच्या समितीत हे वाक्य वाचलं तर निम्मे सभासद आनंदाने पुन्हा ओढायला लागतील.

तरी तू विचारलंस म्हणून लिहिते. वय सहासष्ट. वजन बावन्न किलो. उंची चार फूट अकरा. भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी ठेवून मोजली आहे. माणूस म्हातारपणी खचतो.

न्यूमोनिया पाचव्या वर्षी झाला होता, आठ दिवस शुद्ध नव्हती असं सांगतात. चूल होती. लाकडं ओली असायची आणि स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सातव्या वर्षापासून फुंकायला बसावं लागलं, कारण आई अंथरुणाला खिळलेली. त्याचं काय एवढं? तेव्हा सगळेच बसत.

आता खोकला रात्री झोपू देत नाही. दोन उशा घ्याव्या लागतात. तीन पावलं चालून बोलायला गेलं की वाक्य अर्धं राहतं. लवकर लिही. ह्यांची काळजी वाटते.

मावशी

२ फेब्रुवारी

ती. मावशी,

चार फूट अकरा इंचांच्या काकांना माझा नमस्कार सांग.

आमच्या घरचा दिवा काका स्टुलाशिवाय बदलायचे. माणूस खचतो हे कबूल, पण तेरा इंच खचायला त्याला जमिनीत पुरावं लागतं. शिवाय काकांची आई मी पाहिली आहे. ती अंथरुणाला खिळलेली नव्हती, ती पंच्याऐंशीव्या वर्षी लोकांना अंथरुणाला खिळवायची.

दोन महिने तू फोन का उचलत नाहीस, तेही कळलं. पत्राला दम लागत नाही.

मावशी, चेष्टा पुरे. हा खोकला तुझा आहे.

तंबाखूवाल्यांनी साहेबांना काही दिलेलं नाही. सिगारेट आजही या आजाराचं सगळ्यात मोठं कारण आहे, तुझी समिती सुखाने चालू दे. पण आधी आम्ही समजत होतो की सगळ्यांची फुप्फुसं विशीत भरात येतात आणि मग धुराने झिजतात. आता हजारो माणसं लहानपणापासून तपासत नेल्यावर दिसलं, की कित्येकांची कधी भरातच येत नाहीत. लहानपणीचा न्यूमोनिया, घरातला धूर, अपुरं खाणं, यांनी वाढ खुंटते. काहींच्या तर छातीच्या मानाने नळ्याच जन्मतः बारीक असतात. मोठ्या इमारतीला बारीक नळ बसवावा तसं. अशा माणसाने काही ओढलं नाही तरी साठीत दम लागतो. आणि काकांसारख्या एखाद्याच्या नळ्या हमरस्त्यासारख्या रुंद असतात, तो चाळीस वर्षं ओढूनही जिना चढतो. यात न्याय शोधू नकोस, मिळणार नाही.

आणि बायकांचं म्हणशील, तर त्यांना गॅसची गोळी मिळते. तोच खोकला, तोच दम पुरुषाने सांगितला की डॉक्टर छातीला नळी लावतात. बाईने सांगितला की वय विचारतात.

आज उपाय पुष्कळ आहेत. एकाच पंपात तीन औषधं मिळतात. ज्यांच्या रक्तात एका जातीच्या पेशी वाढलेल्या असतात, त्यांच्यासाठी वारंवारचे झटके कमी करणारं इंजेक्शन निघालं आहे. फुप्फुसाचा फुगून निकामी झालेला भाग झडप बसवून मिटवतात, म्हणजे चांगल्या भागाला जागा होते. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही. आणि झिजलेलं फुप्फुस परत नवं करणारं औषध अजून कुणाकडे नाही, हे आधीच सांगते. पण या सगळ्याला एक अट आहे. रुग्णाने स्वतःच्या नावाने यावं लागतं.

३ मार्च, सोमवार, सकाळी दहा. जागा ठेवली आहे.

तुझी फुंकणी

१० फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

मला खोटारडी ठरवायला तुला पट्टी पुरली, छान. शाळेत मीही अशीच पट्टी वापरायचे, त्यामुळे लागलं किती ते मला समजतं.

समजा, केवळ समजा, खोकला माझा आहे. मग? एकोणीस वर्षं मी व्यासपीठावरून सांगते आहे, हा खोकला पापाचा आहे. चौदा शाळांत भाषणं केली. कोळशाने फुप्फुसं रंगवून दाखवली. आता मी तोंडात पंप घालून समितीत जाऊ? आमचे कार्यवाह माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. म्हणतील, बाई चोरून ओढत होत्या. मी शपथ घेतली तरी म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

३ मार्चला जमणार नाही. २ तारखेला समितीची वार्षिक सभा आहे, चौथ्या मजल्यावर, मला तास-दीड तास बोलायचं आहे. दुसऱ्या दिवशी माणूस थकतो.

आणि एक सांगते, राग मानायचा तर मान. साहेबांच्या दाराशी खोकणारी ती बाई. साहेब विमानात असतात, त्यांना ती दिसत नाही. तुला तर दिसते ना? चिमटा, नळी, यंत्र, सगळं तुझ्या हातात आहे. तीन वर्षांत तू तिला आत बोलावलंस? की तिच्यावर नुसती विनोदी वाक्यं केलीस?

मावशी

९ मार्च

चि. सौ. भाचीस,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. ही बोलते, मी ऐकतो, असं आमचं पंचेचाळीस वर्षं वाटप आहे. सध्या तिला बोलायची मनाई आहे म्हणून माझ्यावर पाळी आली.

सभेच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तीन जिने ती चढली. चौथ्याला कठडा धरून उभी राहिली. ओठ निळे पडले. कार्यवाह म्हणाले, "बाई भाषण आठवतायत." मी तिला उचलली आणि खाली आणली. ती चार फूट अकरा असल्याचा तेवढा फायदा.

पाच दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे, बरी आहे. पहिल्या दिवशी तरुण डॉक्टरने फाइल उघडली आणि विचारलं, "आजी, किती वर्षं ओढता?" हिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हाताने काढला आणि त्याला सांगायला सुरुवात केली. चौथ्या शब्दाला दम संपला. डॉक्टर मला म्हणाला, "किती वर्षं म्हणाल्या?" मी म्हटलं, "एकोणीस. पण ओढण्याची नाहीत, ओरडण्याची." नंतर त्यानेच नळीत फुंकवलं. तू लिहिलं होतंस तेच निघालं. पक्की तपासणी सहा आठवड्यांनी करा म्हणाला.

तिथे मी तिला एक गोष्ट सांगितली, तुलाही सांगतो. मी सिगारेट सोडून आठ वर्षं झाली. तिला बोललो नव्हतो. बोललो असतो तर समितीने मला व्यासपीठावर उभं करून दाखवलं असतं, वाया गेलेला माणूस सुधारतो याचा नमुना म्हणून. खाली जातो तो नुसता कठड्यावर बसतो. पंधरा मिनिटं मला कुणी सुधारत नाही, बरं वाटतं. ती म्हणाली, "मग वास कसला येत होता?" मी म्हटलं, "मला कसं माहीत, नाक तुझं."

त्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रडली असावी.

तिला आणतो. तारीख दे.

काका

१६ मार्च

ती. मावशी,

काकांचं पत्र वाचलं. त्यांनी इतकी वाक्यं लिहिली म्हणजे तू किती आजारी होतीस ते समजलं.

तुझा आरोप मान्य आहे. फरशी पुसणाऱ्या बाईंना मी सोमवारी आत बोलावलं. त्या म्हणाल्या, "फरशी खराब झाली का?" फुंकून झाल्यावर त्यांचा कागद मी साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या परिषदेच्या निबंधावर ठेवला. साहेब दोन्ही वाचून म्हणाले, "ही कोण?" मी म्हटलं, "तुमचा विषय." आता बाईंवर उपचार सुरू आहेत. मी तीन वर्षं विनोद केले, हे खरं आहे.

आणखी एक. मी आईलाही फुंकायला बसवलं. तुझीच सख्खी बहीण, तेच घर, तेच खाणं, उंचीही तुझ्याएवढीच. तिचं फुंकणं विशीतल्या मुलीसारखं निघालं. मला वाटलं यंत्र बिघडलं. तीनदा घेतलं, तेच. तिला म्हटलं, एकाच चुलीच्या धुरात वाढलात, मग असं कसं?

ती म्हणाली, "मी कुठे होते धुरात? मी आत पाऊल टाकलं की ताई पाठीत धपाटा घालायची. 'बाहेर जा, लुडबुड नको' म्हणायची. मी दारातल्या पायरीवर बसून भोकाड पसरायची. मला वाटायचं, मी तिला आवडत नाही. साठ वर्षं मला हेच वाटत होतं."

मग ती नाकाचा चिमटा हातात धरून बसून राहिली. बाहेर चार रुग्ण ताटकळत होते, तरी मी तिला उठ म्हटलं नाही.

पाच आठवड्यांनी ये, २१ एप्रिलला, सोमवारी. तोवर रोज घरातल्या घरात चाल, थोडं थोडं वाढव. पंप ओढल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धर. दहापैकी सात जण पंप चुकीचा ओढतात आणि औषधाला नावं ठेवतात.

फुंकणी

२३ मे

चि. फुंकणी,

महिन्याभरात लिहिलं नाही, कारण कामात होते. आधी तक्रार. तू त्या तळघरात माझ्यावर जशी ओरडलीस तशी मी सदतीस वर्षांत एकाही मुलावर ओरडले नाही. "अजून, मावशी, अजून, सोडू नकोस!" बाहेरच्या बाकावरचा माणूस घाबरून उठून गेला म्हणे. पहिल्या सेकंदात निम्मीसुद्धा हवा निघाली नाही, हे तू मला तोंडावर सांगितलंस, ते मात्र बरं केलंस. काकांचं फुंकणंही तोकडं निघालं, पण माझ्यापेक्षा बरं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. जिंकल्यावर गप्प राहणारा माणूस फार त्रास देतो.

तुझ्या साहेबांच्या अभ्यासात मी रुग्ण म्हणून नाव दिलं. संमतीच्या कागदात शुद्धलेखनाच्या चौदा चुका होत्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून सही केली आहे. साहेबांना दाखव. पंप नीट ओढते. व्यायामाच्या वर्गाला जाते, तिथे मी सर्वांत हळू चालते आणि सर्वांत जास्त सूचना करते. फुप्फुस नवं होणार नाही, ते कळलं. पण परवा पलंगाची पूर्ण चादर बदलली.

तुझ्या आईला फोन केला होता. ती रडत होती, मला दम लागत होता, दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

आता खरं काम. समितीकडे मदत मागायला येणाऱ्यांसाठी एक छापील अर्ज आहे. तो मीच बनवला. पहिला प्रश्न, "किती वर्षे धूम्रपान करता?" उत्तर "नाही" आलं की पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत, अर्जावर शिक्का मारायचा, "संबंध नाही". शिक्काही माझ्याच सांगण्यावरून केला. दवाखान्यातून आल्यावर मी कपाट उघडलं. एकोणीस वर्षांचे अर्ज. "संबंध नाही" दोनशे सात, त्यात एकशे त्र्याऐंशी बायका. खोकला आहे, दम लागतो, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. खाली माझी सही.

समितीला सांगितलं. माझं काय झालंय तेही सांगितलं. कार्यवाह म्हणाले, "बाई, हे बाहेर कशाला काढायचं? समितीची बदनामी होईल." मी खुर्ची त्यांना देऊन टाकली. त्यांना हवी होती, आणि ती चौथ्या मजल्यावर आहे. कपाटातले अर्ज घेऊन आले.

मी आणि काका रोज दोन पत्त्यांवर जातो. ते जिने मोजतात, मी थांबते, मग चढतो. कितीतरी जणींनी घर सोडलंय. नऊ जणी वारल्या. एकीच्या सुनेने विचारलं, "तुम्ही तेव्हा का नाही आलात?" मी अर्जावरचा शिक्का आणि खालची माझी सही तिला दाखवली.

काल एक सापडली. शिवणकाम करते, माझ्याहून लहान. तेरा वर्षांपूर्वीचा अर्ज. दार उघडल्यावर तिने मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत दाराची कड धरून, धापा टाकत म्हणाली, "बाई, मी अजूनही ओढत नाही हो."

मी म्हटलं, "मीसुद्धा."

मग आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यावर बसलो आणि खोकून घेतलं. आधी ती, मग मी. काकांनी आत जाऊन पाणी आणलं.

गुरुवारी दहा वाजता तिला घेऊन येते. ती भित्री आहे. तिच्यावर हळू ओरड.

तुझी मावशी